महासभा भरत नव्हती तेव्हाची महासभा

पंचवटीतील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा :

‘मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्याच उन्हाळ्यात मी, माझा मावसभाऊ आणि दोन मित्र अशा चौघांनी दर शनिवारी रात्री नऊ वाजता ऑनलाइन लाइव्ह येऊन आमची ‘महासभा’ भरवायला सुरुवात केली. एक महापौर, एक आयुक्त, एक विरोधी पक्षनेता आणि मी नगरसचिव. बघणारे लोक चॅटमधून नगरसेवक म्हणून बोलत. जानेवारी २०२६ मध्ये खरी निवडणूक होईपर्यंत आमच्या साधारण १४० सभा झाल्या. पहिली दोन वर्षे आम्ही फेसबुकवर होतो, नंतर यूट्यूबवर गेलो. गेल्या महिन्यात जुन्या सभा शोधल्या, तर फेसबुकवरील सगळ्या नाहीशा झालेल्या. कोणी ना कोणी उतरवून घेतलेल्या अकरा तेवढ्या हाती लागल्या. त्यांची यादी सोबत जोडली आहे. आता आमच्या सभेत महापौराचे सोंग घेणारा मित्र म्हणतो की यूट्यूबवरच्याही काढून टाकू. त्याला नोकरी बदलायची आहे, आणि एका पक्षाच्या कार्यकर्त्याने त्याला रस्त्यात थांबवून ‘ते व्हिडिओ अजून आहेत का’ असे विचारले. वडील म्हणतात, थट्टा होती, झाली, तिचे काय लोणचे घालायचे आहे? मला मात्र हे जाऊ द्यावेसे वाटत नाही. काय जपावे, कसे जपावे, मित्राला काय सांगावे, आणि आमच्यासारखे इतरही काही जण होते, त्यांचे व्हिडिओ आम्ही जपून ठेवले तर कायद्याला चालेल का?’

प्रिय वाचक,

तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला आधी उत्तर दिले पाहिजे, कारण ते पटले नाही तर पुढच्या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या १२२ नगरसेवकांची मुदत संपल्यापासून नवी निवडणूक होईपर्यंत महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. या काळात ठराव झाले, खर्च मंजूर झाले आणि त्यांची दप्तरी नोंदही राहिली. परंतु त्या ठरावांवर सभागृहात उठून कोणी हरकत घेतली नाही, कोणी उपसूचना मांडली नाही, आपल्या प्रभागातल्या खड्ड्याचा फोटो पीठासनासमोर कोणी नाचवला नाही. उद्या कोणी अभ्यासक या चार वर्षांतले नाशिक समजून घ्यायला बसला, तर त्याला निर्णय सापडतील, आकडे सापडतील, वर्तमानपत्रांतील बातम्याही सापडतील. पण महासभा भरली असती तर लोकांनी तिथे काय विचारले असते, कशावरून आवाज चढले असते आणि कशावर सगळे सभागृह हसले असते, याची नोंद अधिकृत दप्तरात असूच शकत नाही. ती थोडीबहुत तुमच्याकडे आहे. तुम्ही नगरसचिव म्हणून वाचलेली विषयपत्रिका खोटी होती, परंतु तिच्यावर चॅटमधून आलेल्या हरकती खऱ्या माणसांनी, खऱ्या त्राग्याने लिहिलेल्या होत्या. गोदावरीतील पाणवेली, रामकुंडाकडे जाणारा रस्ता, सिंहस्थाची कामे यांबद्दल शहराला त्या त्या आठवड्यात काय वाटत होते, हे सांगणारा तो कागद आहे असे मी मानतो, आणि तो फाडला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

थट्टा म्हणजे पुरावा नव्हे, हे तुमच्या वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे. प्रहसनातून कोणी किती पैसे खाल्ले हे सिद्ध होत नाही आणि होऊही नये. त्यातून कळते ते वेगळेच : लोकांना कोणती गोष्ट इतकी उघड वाटत होती की ती सांगायला पुराव्याची गरज नव्हती, नुसता सूर बदलला तरी पुरे होत असे.

आपल्याकडे ही कला जुनी आहे आणि तिच्यातले फार थोडे शिल्लक आहे. तमाशातील बतावणीत आणि वगात सोंगाड्या आयत्या वेळी गावच्या पाटलावर, तलाठ्यावर, निवडणुकीच्या उमेदवारावर जे बोलत असे, ते लिहिलेले नसायचे. गाव बदलले की ते वाक्यही बदलायचे. वगाची कथा उरली, लावण्या उरल्या, पण ज्या वाक्यांसाठी लोक रात्रभर बसत ती वाक्ये त्या रात्रीबरोबरच गेली. आपल्याच जिल्ह्यातील वामनदादा कर्डकांचे उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म १९२२ चा. गावोगावी फिरून त्यांनी हजारो गीते रचली आणि गायली. त्यांतील जी आज आपल्यापर्यंत पोहोचली, ती ऐकणाऱ्यांनी, शिष्यांनी आणि गायकांनी पाठ केली, वह्यांत उतरवली म्हणून पोहोचली. दोन गाण्यांच्या मध्ये ते समोरच्या श्रोत्यांशी काय बोलले, हे त्या वह्यांत शोधून सापडणार नाही. तुमच्या सभांतला कितीतरी ऐवज अशा मधल्या बोलण्याचाच असणार.

मात्र नुसते चित्रीकरण जपल्याने काम भागत नाही, आणि या मुद्द्यावर मला जरा थांबायचे आहे, कारण व्हिडिओ जपणारी बहुतेक मंडळी इथेच चुकतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्यावर बंदी घातली. नाटकाची संहिता छापलेली होती, म्हणून ती टिकली. ती आज उघडून पाहिली तर तिच्यात विराटाचा दरबार आहे, सैरंध्री आहे, कीचक आहे. व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नाही. कीचक म्हणजे कर्झन, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या काळच्या माणसांनी लिहून ठेवले म्हणून. त्यांत लंडनच्या ‘टाइम्स’साठी हिंदुस्थानातील असंतोषावर लिहिणारे व्हॅलेंटाइन चिरोल हेही होते. नाटक प्रेक्षकांवर कसा परिणाम करते, कोणते पात्र म्हणजे कोण, हे त्यांनी निषेध म्हणून सविस्तर नोंदवले. ज्यांना ते नाटक नको होते त्यांच्या लेखणीतूनही त्याचा अर्थ पुढच्या पिढ्यांपर्यंत आला. संहितेइतकीच प्रसंगाची नोंदही महत्त्वाची असते, हे मला त्यातून कळले.

मला हे स्वतःच्या कामातही अनुभवावे लागले आहे. एका ग्रंथालयात ध्वनिफितींची यादी करण्याचे काम मी काही वर्षे केले. तिथे पथनाट्यांच्या कॅसेट होत्या. आवाज स्वच्छ होता, माणसे पोट धरून हसत होती, आणि वर चिठ्ठी होती ‘नाटक, बाजू अ’. त्यातल्या एका पात्राला सगळे ‘काका’ म्हणत आणि काकांनी तोंड उघडले की हशा पिकत असे. हे काका म्हणजे कोणते मंत्री, कोणता साखर कारखाना, कोणते वर्ष, हे सांगणारे कोणी भेटले नाही. ती फीत आजही वाजते, पण तिच्यातले कोण कोणाला हसत आहे हे कळत नाही. ते ऐकताना झालेली चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून तुम्हाला एवढ्या आग्रहाने लिहितो आहे.

तुम्ही पाठवलेल्या यादीत २६ ऑगस्ट २०२३ ची सभा वाचलेल्यांत आहे, आणि तिचा विषय तुम्ही ‘दोन हजार चारशे दहा’ एवढाच लिहिला आहे. आज नाशिकमध्ये कोणालाही हे समजेल. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, त्यानंतर लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, मग केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने कांदा खरेदीची घोषणा केली, आणि त्या आकड्यावर जिल्हाभर चर्चा झाली. पण आणखी पंधरा वर्षांनी ती सभा पाहणाऱ्याला, महापौर प्रत्येक प्रश्नाला ‘दोन हजार चारशे दहा’ असे उत्तर का देतात आणि लोक का हसतात, हे कळणार नाही. कोणत्या बातमीवर ती सभा होती, कोणाच्या बोलण्याची नक्कल होती, त्या आठवड्यात आणखी काय घडले होते, चॅटमध्ये वारंवार येणारा शब्द कोठून आला होता, हे सगळे अर्ध्या पानात लिहून ठेवा. हे काम तुम्हा चौघांखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही, आणि तुमचीही आठवण ताजी आहे तोवरच ते होईल. हार्ड डिस्क उद्या विकत घेता येईल. ही टिपणे मात्र पुढच्या वर्षी आजच्याइतकी नेमकी उतरणार नाहीत. म्हणून डिस्कच्या आधी टिपणांना बसा, आणि सभा हरवली असली तरी तिचे टिपण करा. विषय, तारीख, आठवणारी दोन-चार वाक्ये एवढे जरी उतरले, तरी हरवलेल्या सभेची जागा रिकामी राहणार नाही.

आता फेसबुकवर काय झाले ते सांगतो, म्हणजे विनाकारण आशा राहणार नाही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने नियम बदलला : नवे लाइव्ह व्हिडिओ फक्त ३० दिवस राहतील आणि मग आपोआप पुसले जातील. जुने व्हिडिओही टप्प्याटप्प्याने काढले गेले. त्यापूर्वी खातेदारांना सूचना पाठवून ते उतरवून घेण्यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली होती. तुमच्या पेजला जोडलेला ईमेल कोणी उघडत नसेल तर ती सूचना तशीच पडून राहिली असणार. या सभा फेसबुककडून परत मिळतील असे समजू नका. त्यांचा शोध माणसांकडे घ्या. ज्या लॅपटॉपवरून प्रक्षेपण होत असे त्याच्या ‘व्हिडिओ’ नावाच्या फोल्डरमध्ये, जुन्या फोनमध्ये, तुकडे पुढे पाठवणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, आणि नेमाने येणाऱ्या प्रेक्षकांकडे विचारा. दर शनिवारी ‘नगरसेवक’ म्हणून भांडणाऱ्यांपैकी एखाद्याने आपला उल्लेख आला म्हणून तेवढा भाग स्क्रीनवरून टिपून घेतलेला असतो.

मंच बंद पडणे किंवा नियम बदलणे यात नवे काही नाही. गूगलने स्वतःची गूगल व्हिडिओ ही सेवा २०१२ मध्ये गुंडाळली, छोट्या व्हिडिओंचे व्हाइन २०१७ मध्ये गेले, पेरिस्कोप ही खास लाइव्हसाठीची सेवा ३१ मार्च २०२१ रोजी संपली, आणि आपल्याकडे २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यांतील कितीतरी मराठी मुलामुलींचे काम एका रात्रीत नजरेआड झाले. यूट्यूब २००५ पासून आहे म्हणून ते कायम राहील, असे धरून चालू नका. तेथे तीन महिन्यांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या तर अख्खे चॅनल बंद होऊ शकते, आणि तुमच्या सभांत मध्ये मध्ये हिंदी चित्रपटगीते वाजत असतील तर तो धोका केवळ कल्पनेतला नाही.

म्हणून यूट्यूबवरील सगळ्या सभा या आठवड्यात उतरवून घ्या. यूट्यूब स्टुडिओतून व्हिडिओ उतरवला तर तो फार तर ७२० पिक्सेलच्या दर्जाचा मिळतो. त्याऐवजी गूगल टेकआउट या सोयीतून चॅनलचे सगळे व्हिडिओ एकदम मागवा. त्यासोबत शीर्षके आणि वर्णनेही येतात. लाइव्ह चॅट मात्र वेगळी जपावी लागते. प्रत्येक सभेच्या चॅटचा मजकूर, तो कितव्या मिनिटाला आला या वेळेसह, साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. वायटी-डीएलपी या मोफत साधनाने ते करता येते, आणि तुमच्या मावसभावाला संगणकाची गती असेल तर एका संध्याकाळचे काम आहे. तुमच्या कार्यक्रमात अर्धे संवाद प्रेक्षकांचे होते. चॅटशिवाय ती महासभा म्हणजे नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या असलेले सभागृह होईल.

जागेची चिंता करू नका. चांगल्या दर्जाच्या प्रक्षेपणाला सेकंदाला ४,५०० किलोबिट धरले तर एका तासाला सुमारे २ जीबी लागतात. दीड तासाची एक, अशा १४० सभा जरी असत्या तरी सव्वाचारशे जीबीच्या आत मावल्या असत्या. १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक पंचवटीत आणि दुसरी निदान सिडकोत किंवा नाशिकरोडला. पूर आला, चोरी झाली, वीज कडाडली, तरी दोन्ही एका वेळी जाऊ नयेत. तिसरी प्रत क्लाउडवर असावी. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, ही छायाचित्रकारांमध्ये रूढ झालेली रीत आहे आणि ती सोडू नये. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीपेक्षा साधी फिरती हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती विरू शकते. दर दिवाळीला डिस्क जोडून चार-सहा फाइल चालवून पाहा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

फाइलचे नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा अंक काढून टिपणवहीत लिहा. हा अंक म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक अक्षर जरी बदलले तरी तो बदलतो. याचा उपयोग पुढे कायद्याच्या संदर्भात सांगतो. आणि पुन्हा कधी लाइव्ह आलात तर ओबीएस या प्रक्षेपणाच्या मोफत साधनात प्रक्षेपणासोबतच स्वतःच्या संगणकावर नोंद सुरू ठेवा, आणि ती एमकेव्ही प्रकारात घ्या. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर दीड तासाची नोंद उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. महावितरणची वीज शनिवारी रात्री कितीदा जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मूळ नोंदीला कात्री लावू नका. अडखळणे, नेट गेल्यावरचा काळा पडदा, सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे, हे सगळे राहू द्या. लोकांसाठी छोटे तुकडे करायचे असतील ते वेगळ्या प्रतीतून करा. एकदा निवडक भाग तयार झाला की मूळ टाकून देण्याचा मोह होतो, आणि बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांत महागड्या फिती पुन्हा वापरता याव्यात म्हणून कितीतरी गाजलेले कार्यक्रम पुसले. त्यांचे भाग अजून लोक शोधत आहेत. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर नाशिकमध्येच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा पसारा मांडला होता. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी सगळी आज आपल्याकडे नाहीत. जे उरले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी जातीने माग काढला म्हणून उरले. या शहरातील माणसाला हरवलेल्या रिळांबद्दल अधिक सांगण्याची गरज नसावी.

एकट्या व्यक्तीने काय होणार, असेही तुमच्या मनात येईल. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरातील टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेप केल्या. सुमारे ७०,००० टेप जमल्या. त्या ग्रंथपाल राहिलेल्या होत्या आणि वाहिन्या स्वतःचे प्रक्षेपण नीट जपत नाहीत हे त्यांनी ओळखले होते. तो साठा पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेला. तुमच्याकडे तर मोजक्याच सभा आहेत. योग्य वेळी तुम्हीही त्या इंटरनेट आर्काइव्हवर ठेवू शकता, परंतु एकमेव प्रत म्हणून तेथेही ठेवू नका : २०१७ मध्ये न्यायालयाच्या एका आदेशानंतर ते संकेतस्थळ काही काळ भारतात उघडतच नव्हते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते अनेक दिवस बंद पडले होते.

आता तुमच्या मित्राकडे येतो. त्याच्या भीतीला भित्रेपणा म्हणू नका. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या लढ्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६अ रद्द केले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्यासह इतरांच्या याचिकांवर, केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर सरकारनेच खोटा ठरवण्याची तरतूदही घटनाबाह्य ठरवली. म्हणजे थट्टेला कायद्याचे संरक्षण आहे. परंतु बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कायम आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर प्रामाणिक मत मांडणे त्यातून वगळलेले असले, तरी तारखेला हजर राहण्याचा त्रास टळत नाही. तुमच्या एखाद्या सभेत नाव घेऊन, खरे असल्याच्या सुरात, पैशांचा आरोप केला गेला असेल, तर तेवढी सभा एखाद्या वकिलाला दाखवा आणि त्यांचा सल्ला येईपर्यंत ती लोकांसाठी बंद ठेवा.

जपणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मित्राचे म्हणणे ऐकल्यावर मला असे वाटते की त्याची अडचण दाखवण्याची आहे आणि तुमचा आग्रह जपण्याचा आहे, आणि तुम्ही दोघे त्याला एकच भांडण समजत आहात. यूट्यूबवरील सभा ‘खाजगी’ करा; हे आज रात्री होऊ शकते आणि त्यात काहीही पुसले जात नाही. त्याचे नाव सार्वजनिक वर्णनातून काढा. मग चौघे एकत्र बसून एका कागदावर लिहा की प्रती कोणाकडे असतील, किती वर्षांनी खुल्या करायच्या, आणि चौघांपैकी एकाचा नकार असेल तर काय करायचे. दहा वर्षे, पंधरा वर्षे, जे ठरेल ते. त्याचा चेहरा आणि आवाज त्याचा आहे. त्याने महापौराचे सोंग घेतले म्हणून त्यांच्यावरचा त्याचा हक्क गेला नाही. तो सर्व ऐकून घेऊनही ‘माझ्या हयातीत नको’ म्हणाला, तर ते मान्य करा. फक्त पुसण्याचा निर्णय त्याला एकट्याला करू देऊ नका, कारण त्या सभांत आणखी तिघे आहेत आणि चॅटमधील शेकडो.

त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाला घाबरून काही पुसू नका, हे मी ठामपणे सांगतो. तुमच्या सभेतील वीस सेकंदांचा तुकडा कापून ‘महापौर असे म्हणाले’ म्हणून निवडणुकीत फिरवला गेला, तर तो प्रहसनाचा भाग होता हे दाखवायला संपूर्ण नोंदच उपयोगी पडेल. भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलच्या त्या ठशासारख्या अंकाची जागा आहे. म्हणून वर तो लिहून ठेवायला सांगितले. आणि एखादी नोटीस आलीच, तर त्यानंतर काहीही पुसणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

चॅटमधील लोकांबद्दल एक जबाबदारी मात्र तुमच्यावर आहे. ते शनिवारी रात्री एका विनोदी सभेत बोलले, इतिहासासाठी साक्ष द्यायला आले नव्हते. जपायच्या प्रतीत चॅट जशीच्या तशी ठेवा. लोकांना दाखवायच्या प्रतीत नावे झाका आणि ‘प्रभाग ६ मधील एक प्रेक्षक’ असे काही लिहा.

इतरांच्या व्हिडिओंचे उत्तर थोडक्यात देता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर, संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराला मुभा आहे, त्यामुळे अभ्यासासाठी एक प्रत ठेवणे आणि ती पुन्हा स्वतःच्या चॅनलवर चढवणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसरी गोष्ट करू नका. यूट्यूबच्या अटी मात्र परवानगीवाचून व्हिडिओ उतरवून घेण्याला मनाई करतात, म्हणून सरळ त्या मंडळींना दोन ओळींचे पत्र लिहा. बहुतेकांना आनंद होईल. ज्यांनी स्वतःहून आपले काम काढून घेतले आहे त्यांना आधी फोन करून कारण विचारा, आणि ते नको म्हणाले तर त्यांचा विषय तिथेच सोडा.

शेवटी एक तातडीची गोष्ट. तुम्ही पत्राच्या समासात लिहिले आहे की पहिल्या चार-पाच सभा मावसभावाच्या जुन्या फोनवरून झाल्या होत्या आणि तो फोन तो येत्या रविवारी बदलून नवा घेणार आहे. तो फोन दुकानात देण्याआधी त्याच्याकडून मागून घ्या. गॅलरी रिकामी दिसली तरी ‘अलीकडे हटवलेले’ हा भाग उघडा, फाइल मॅनेजरमधील फेसबुकचा आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचा फोल्डर पाहा, मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या, आणि हे सगळे शनिवारी रात्री नऊच्या आत करा.